सिम्युलेशनमध्ये कोणता दिवस घालायचा? नाशिकच्या रहदारीसाठी क्लस्टरिंग, पायरीपायरीने

मुंबई नाका, द्वारका, आडगाव नाका एवढा पट्टा सिम्युलेशनसाठी (संगणकात रहदारीची नक्कल करण्यासाठी) घेतला, की कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं यावर भरपूर चर्चा होते. मॉडेलमध्ये रहदारी नेमकी कोणत्या दिवसाची घालायची, हा प्रश्न मात्र एका ओळीत उरकला जातो. "मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक सर्वसाधारण दिवस" असं ठरवून मोजणी होते, किंवा आठवड्याभराच्या आकड्यांची सरासरी काढून तीच मॉडेलला दिली जाते.

सरासरीत काय बिघडतं ते बघा. एका मार्गाला एरवी १० मिनिटं लागतात आणि कोंडीत २०. पहिल्या दिवशी कोंडी सहाला झाली, दुसऱ्या दिवशी साडेसहाला, तिसऱ्या दिवशी सातला. सरासरी काढली तर तिन्ही वेळांना साधारण १३.३ मिनिटं येतात. म्हणजे कोणत्याच दिवशी न घडलेली, दीड तास रेंगाळणारी एक सौम्य कोंडी कागदावर तयार झाली. हिच्यावर सिग्नलचं वेळापत्रक बसवलं तर ते तिन्ही खऱ्या दिवशी अपुरं पडेल. म्हणून मॉडेलला सरासरी न देता प्रत्यक्ष घडलेला दिवस द्यायचा. आणि असे दिवस एकाहून जास्त लागतात, कारण पावसाळी संध्याकाळ, दाट लग्नतिथ आणि साधा बुधवार यांची कोंडी वेगवेगळ्या कारणांनी होते. हे दिवस अंदाजाने न निवडता आकड्यांवरून कसे निवडायचे, ते पुढे दिलं आहे : एकमेकांसारखे दिवस एकेका गटात (क्लस्टरमध्ये) टाकायचे, म्हणजेच क्लस्टरिंग, आणि प्रत्येक गटातून एक खरा दिवस घ्यायचा. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने सूक्ष्म सिम्युलेशनची आपली मार्गदर्शिका २०१९ मध्ये सुधारली, तेव्हा क्लस्टर आणि प्रातिनिधिक दिवस हाच तिचा कणा ठेवला.

पायरी १ : प्रश्न, हद्द आणि वेळ

आधी एका वाक्यात लिहा : हे मॉडेल कोणता निर्णय घेण्यासाठी आहे? द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकत्र येतात; तिथले सिग्नल बदलायचे असतील तर वळणाऱ्या वाहनांची मोजणी लागेल. मालवाहू गाड्यांना प्रवेशबंदीची वेळ ठरवायची असेल तर ट्रकचा वाटा तासागणिक लागेल. निर्णय ठरल्याशिवाय रकाने ठरत नाहीत.

सकाळ आणि संध्याकाळ यांचं क्लस्टरिंग वेगवेगळं करा. सकाळी लख्ख ऊन आणि पाच वाजता धो-धो पाऊस, असे दिवस जून-सप्टेंबरमध्ये कमी नसतात. अख्खा दिवस एकच ओळ धरला तर हा फरक पुसला जातो. पुढची सगळी उदाहरणं संध्याकाळी ४ ते ९ या पाच तासांची आहेत : १५ मिनिटांचे २० टप्पे. ४ आणि ९ या कडा मुद्दाम सैल ठेवल्या आहेत. कोंडी साचण्याआधी सुरुवात आणि पूर्ण सुटल्यावर शेवट, एवढी खिडकी हवीच.

पायरी २ : दिवसांचा तक्ता

ओळ म्हणजे एक दिवस, रकाना म्हणजे त्या दिवसाचा एक गुण. शक्यतो वर्षभराचा डेटा घ्या. तीनच महिने हाती असतील तर त्यातून वर्षाबद्दल बोलू नका. मार्च ते मेच्या डेटात पावसाळा नसतो. रकाने ८ ते १२ पुरतात. ते तीन प्रकारचे ठेवा.

पहिला प्रकार मागणीचा : तीन-चार मोक्याच्या ठिकाणची वाहनसंख्या आणि सर्वांत गर्दीच्या पंधरा मिनिटांची संख्या. संख्या पीसीयूमध्ये (प्रत्येक वाहन किती मोटारींएवढं, या मापात) काढत असाल तर एक धोका ओळखा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) या मार्गदर्शिकेतले गुणक त्या वाहनाच्या रहदारीतल्या वाट्याप्रमाणे बदलतात : वाटा ५ टक्के असेल तर दुचाकीला ०.५, १० टक्के किंवा अधिक असेल तर ०.७५; रिक्षाला १.२ आणि २.०, बस-ट्रकला २.२ आणि ३.७. रोजच्या वाट्यानुसार रोज गुणक बदलला, तर वाहनं तेवढीच असूनही दोन दिवस वेगळे दिसतात. सगळ्या दिवसांना एकच गुणकसंच लावा.

दुसरा प्रकार परिणामाचा : दोन-तीन मार्गांचा प्रवासवेळ, दोन्ही दिशांनी. सिटीलिंकच्या (नाशिकच्या शहर बससेवेच्या) बसचा जीपीएस डेटा मिळाला तर उत्तम, पण थांब्यावर बस उभी असतानाचा वेळ वजा केल्याशिवाय तो वापरू नका. हा प्रकार वगळता येत नाही. त्याचं कारण नवख्यांना सहज दिसत नाही : डिटेक्टर किंवा कॅमेरा जे मोजतो ती मागणी नसते, चौकातून प्रत्यक्ष सुटलेली वाहनं असतात. चौक तुंबला की मोजणी घटते. संख्या कमी आणि प्रवासवेळ जास्त, हा दिवस निवांत नव्हता, सर्वांत वाईट होता. नुसत्या संख्येवर क्लस्टरिंग केलं तर तो रविवारच्या गटात जाऊन बसतो.

तिसरा प्रकार कारणांचा : पाऊस, अपघात किंवा बंद पडलेल्या गाडीमुळे लेन अडलेली मिनिटं, आणि दिनदर्शिका. पावसाच्या आकड्यात हमखास चूक होते. हवामान खात्याचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि संपण्याच्या तारखेला नोंदवतात. मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेखाली सापडतो. दर तासाचा आकडा मिळत असेल तर ४ ते ९ चाच घ्या. नसेल तर निदान तारीख एक दिवस मागे सरकवा.

दिनदर्शिकेचे रकाने भरताना भिंतीवरचं मराठी कॅलेंडर जवळ ठेवा. सरकारी सुट्ट्यांची यादी पुरत नाही. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर लॉन्सची रांग आहे. लग्नाच्या दाट तिथीला त्या बाजूची संध्याकाळ वेगळीच असते आणि ती तारीख कोणत्याही सुट्टीच्या यादीत नसते. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, त्र्यंबक रस्त्यावर ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या. चैत्रात सप्तशृंग गडाकडे पायी जाणारे भाविक. बाजार समिती बंद होती का, सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी होती, हेही विचारून भरा. प्रत्येकाला वेगळा रकाना मात्र देऊ नका. "दाट तिथ", "यात्रा/मिरवणूक", "सुट्टी" असे तीन पुरेत.

पायरी ३ : सफाई

डेटातली घाण चार प्रकारांत येते. सलग शून्य म्हणजे यंत्र बंद. तासभर तोच आकडा म्हणजे यंत्र अडकलेलं. पावसात कॅमेऱ्याची मोजणी घसरते, कारण काचेवर पाणी आणि दुचाकीवर रेनकोट. अशा दिवशी शेजारच्या चौकाशी ताळा करा. चौथा प्रकार ऐन वर्षात बदललेल्या रस्त्याचा : काम सुरू झालं, वाहतूक वळवली, तर आधीचे आणि नंतरचे दिवस एका तक्त्यात ठेवू नका.

सलग दोन टप्पे, म्हणजे अर्धा तास, रिकामा असेल तर शेजारच्या आकड्यांवरून भरायला हरकत नाही. त्याहून मोठी पोकळी ऐन गर्दीत असेल तर तो दिवस सोडा. सोडलेल्या दिवसांची यादी मात्र कारणासह ठेवा. ती पायरी ८ मध्ये लागते.

पायरी ४ : टोकाचे दिवस आधीच बाजूला

गंगापूर धरणातून मोठा विसर्ग झाला, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलं, की रामकुंड परिसरातले सखल रस्ते बंद होतात आणि रहदारी वरच्या पुलांवर सरकते. हे नेहमीचं जाळंच उरत नाही. गणेश विसर्जन, बंद, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे दौरे यांचंही तेच. असे पाच-सात दिवस तक्त्यात राहू दिले, तर के-मीन्स (दिवसांना जवळच्या मध्यबिंदूनुसार गटांत वाटणारी क्लस्टरिंगची पद्धत) त्यांच्यासाठी एक-दोन क्लस्टर खर्ची घालतं आणि उरलेले दोन-अडीचशे दिवस एकाच ढिगात पडतात. त्यांचं मॉडेल हवं असेल तर ते स्वतंत्र प्रसंग म्हणून करा. २०२७ च्या सिंहस्थातले मुख्य स्नानाचे दिवस तर या पद्धतीच्या पूर्ण बाहेरचे आहेत. २०१५ चे आकडे आणून क्लस्टरमध्ये मिसळण्याचा मोह टाळा.

पायरी ५ : आकडे एका मापात आणणं

वाहनसंख्या हजारांत, प्रवासवेळ मिनिटांत, पाऊस मिलिमीटरमध्ये. तसंच ठेवलं तर क्लस्टरिंग फक्त वाहनसंख्येचं होईल. प्रत्येक रकान्यातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा, म्हणजेच झेड-स्कोअर. इथपर्यंत सगळी पुस्तकं सांगतात. त्यापुढच्या तीन गोष्टींनी निकाल खरा बदलतो.

पाऊस : बहुतेक दिवस शून्य आणि मोजके दिवस ६०-७० मिलिमीटर, असा हा रकाना वाकडा असतो. आधी (१ + मिलिमीटर) याचा लॉगरिदम घ्या, मग झेड-स्कोअर.

हो-नाही रकाने : समजा २०० पैकी ५ दिवशी यात्रा होती. सरासरी ०.०२५, प्रमाण विचलन सुमारे ०.१५६. यात्रेच्या दिवसाचा झेड-स्कोअर ६.२ येतो. इतर कोणताही रकाना इतका लांब जात नाही, त्यामुळे ते ५ दिवस रहदारी कशीही असली तरी एका गटात ढकलले जातात. अशा रकान्यांना झेड-स्कोअर लावू नका. ० आणि १ ठेवा, हवं तर १ ऐवजी १.५ किंवा २ करून परिणाम तपासा.

जुळे रकाने : पाच ठिकाणच्या मोजण्या एकत्रच वर-खाली होत असतील, तर मागणीला पाच मतं आणि पावसाला एक मत मिळतं. त्या पाचांचा मिळून एक निर्देशांक करा, किंवा प्रत्येकाला ५ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.२४ ने, भागा. अंतराचा वर्ग होत असल्यामुळे पाचांचं मिळून वजन एका रकान्याएवढं होतं. आधी सहसंबंधाचा तक्ता काढून ०.९ च्या वरच्या जोड्या शोधा.

पायरी ६ : क्लस्टरिंग चालवणं

पायथॉन भाषेतलं सायकिट-लर्न किंवा आर ही सांख्यिकीची भाषा, काहीही चालेल. २४० ओळींचं काम साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. के-मीन्स सुरुवातीचे बिंदू यादृच्छिक घेतं, म्हणून किमान २५ ते ५० वेगवेगळ्या सुरुवाती देऊन सर्वांत चांगला निकाल ठेवा आणि सीड (यादृच्छिक आकडे ज्यावरून तयार होतात तो) क्रमांक लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तुमचाच निकाल तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. पडताळा म्हणून वॉर्ड पद्धतीचं श्रेणीबद्ध (जवळचे गट एकेक करून जोडत जाणारं) क्लस्टरिंग त्याच तक्त्यावर चालवा. दोन्ही पद्धतींत बहुतांश दिवस त्याच सोबत्यांबरोबर राहिले तर गट खरे आहेत.

गट किती? २ ते ८ पर्यंत चालवून सिल्हूएट गुणांक (दिवस आपल्या गटाच्या किती जवळ आणि शेजारच्या गटापासून किती लांब, ते सांगणारा) बघा. तो उणे १ ते १ असतो. रहदारीच्या डेटात ०.३ च्या आसपास आला तरी काम सोडू नका, कारण दिवस हळूहळू एकमेकांत मिसळतात, भिंती घालून वेगळे नसतात. पण गुणांकाच्या हाती निर्णय सोपवू नये, असं आमचं ठाम मत आहे. तो बऱ्याचदा २ सांगतो : कामाचे दिवस आणि सुट्ट्या. एवढं कळायला क्लस्टरिंग कशाला हवं? दुसरीकडे, प्रत्येक गट म्हणजे कॅलिब्रेशनचं (मॉडेल प्रत्यक्ष आकड्यांशी जुळवण्याचं) एक पूर्ण काम. सात गट काढले तर माणसं पुरणार नाहीत. ३ ते ५ हा व्यवहार्य आकडा. कोणत्याही गटात एकूण दिवसांच्या ५ टक्क्यांहून कमी दिवस येत असतील, तर तो गट की पायरी ४ मध्ये सुटलेला टोकाचा दिवस, हे तपासा.

पायरी ७ : कॅलेंडर रंगवून बघा

ही पायरी कोणी करत नाही, आणि चुका इथेच सापडतात. वर्षाचं कॅलेंडर छापा आणि प्रत्येक तारखेला तिच्या गटाचा रंग द्या. रविवार एका रंगात, जुलै-ऑगस्टचे पट्टे दुसऱ्या रंगात, लग्नसराईच्या तारखा तिसऱ्यात असं काही दिसलं तर गटांना नावं देता येतात. रंग विखुरलेले दिसले तर रकान्यांत काहीतरी कमी आहे. एखाद्या तारखेपासून सगळा रंगच बदलला, तर ऋतू बदलला म्हणण्याआधी त्या आठवड्यात कॅमेरा हलवला किंवा रस्ता खोदला का, ते विचारा. वाहतूक शाखेत रोज चौकात उभ्या राहणाऱ्या हवालदारांना हे कॅलेंडर दाखवा. "हा दिवस या रंगात कसा?" हा त्यांचा प्रश्न कोणत्याही गुणांकापेक्षा मोलाचा असतो.

समजा २४० दिवसांचे असे चार गट निघाले :

- अ, साधा कामाचा दिवस : ११८ दिवस (४९ टक्के)
- ब, पावसाळी संध्याकाळ : ४६ दिवस (१९ टक्के)
- क, दाट तिथ किंवा सणाची खरेदी : ३४ दिवस (१४ टक्के)
- ड, रविवार आणि सुट्ट्या : ४२ दिवस (१८ टक्के)

पायरी ८ : गटातून खरा दिवस उचलणं

क्लस्टरचा मध्यबिंदू हा पुन्हा सरासरीच असतो, त्यामुळे तो मॉडेलला द्यायचा नाही. त्याच्या जवळचा दिवस घ्यायचा. "जवळचा" कशावरून ठरवायचं यात मेख आहे. तक्त्यातले रकाने बहुतेक पाच तासांच्या बेरजा आहेत. बेरीज जुळणाऱ्या दोन दिवसांचा चढ-उतार पूर्ण वेगळा असू शकतो. म्हणून इथे पुन्हा १५ मिनिटांच्या आकड्यांकडे या.

मुख्य मापं दोन-तीनच घ्या : अडथळ्याच्या जागेवरून सुटणारी वाहनं आणि दोन्ही दिशांचा प्रवासवेळ. गटातल्या सगळ्या दिवसांवरून प्रत्येक टप्प्याची सरासरी काढा. मग प्रत्येक दिवसासाठी, प्रत्येक टप्प्यावर, त्या दिवसाचा आकडा आणि सरासरी यांतला फरक चिन्ह सोडून घ्या आणि सरासरीने भागा. २० टप्पे आणि सगळी मापं मिळून सरासरी विचलन काढा. ज्या दिवसाचं सर्वांत कमी, तो प्रातिनिधिक दिवस.

पहिल्या क्रमांकावर लगेच शिक्का मारू नका. पहिले तीन दिवस घ्या आणि त्यांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहा. त्या दिवशीचा वळणमोजणीचा व्हिडिओ आहे का, सिग्नलची प्रत्यक्षात चाललेली वेळ नोंदलेली आहे का, अपघाताची नोंद आहे का? दुसऱ्या क्रमांकाच्या दिवसाचा डेटा पूर्ण आणि पहिल्याचा अर्धा असेल, तर दुसरा घ्या. मात्र एक नियम मोडायचा नाही : वाहनसंख्या, प्रवासवेळ, सिग्नल, पाऊस, सगळं त्याच एका तारखेचं. मंगळवारची मोजणी आणि शुक्रवारचा प्रवासवेळ जोडला, तर कॅलिब्रेशन कधीच जमत नाही आणि दोष चालकांच्या वर्तनाच्या पॅरामीटरना दिला जातो.

गटांची टक्केवारी वापरण्याआधी पायरी ३ मधली सोडलेल्या दिवसांची यादी काढा. कॅमेरा मुख्यतः पावसात बंद पडला असेल, तर तक्त्यात पावसाळी दिवस खऱ्यापेक्षा कमी आहेत. पावसाच्या नोंदी वर्षभराच्या असतात. त्यांवरून ब गटाचा वाटा दुरुस्त करा.

पायरी ९ : कॅलिब्रेशन

सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर सुमो असो की व्हिसिम, नाशिकच्या मिश्र रहदारीत पहिली दुरुस्ती लेनची. सुमोत उपलेन मॉडेल (लेनचे अरुंद पट्टे पाडणारं) चालू करून पट्ट्याची रुंदी ०.८ मीटरच्या आसपास ठेवा. व्हिसिममध्ये लेनमध्ये कुठेही चालण्याची आणि एकाच लेनमध्ये ओव्हरटेक करण्याची मुभा द्या. ही पायाभूत सेटिंग सर्व गटांना एकच असावी. आधी अ गट बसवा; मग ब गटात फक्त पावसाने जे बदलतं तेवढंच बदला : इच्छित वेग आणि सुरक्षित अंतर. चारही मॉडेलचे सगळे पॅरामीटर वेगवेगळे निघाले तर ते मॉडेल नसून आकड्यांची ओढाताण आहे.

मोजणी जुळते का, यासाठी जीईएच (प्रत्यक्ष आणि मॉडेलमधल्या वाहनसंख्येतली तफावत एका आकड्यात सांगणारं माप) वापरा. प्रत्यक्ष १८०० आणि मॉडेलमध्ये २००० वाहनं प्रति तास असतील तर जीईएच ४.६ येतो, ५ च्या आत. २०५० असतील तर ५.७, म्हणजे बाहेर. ८५ टक्के ठिकाणी तो ५ च्या खाली हवा, ही रूढ अट. क्लस्टरमुळे आणखी एक चांगली कसोटी मिळते. गटातल्या दिवसांवरून प्रत्येक टप्प्याचं प्रमाण विचलन माहीत असतं. प्रातिनिधिक दिवसाच्या रेषेभोवती १.९६ विचलनांचा पट्टा काढा : मॉडेलचे ९५ टक्के टप्पे त्यात, आणि दोन तृतीयांश टप्पे एका विचलनाच्या पट्ट्यात यायला हवेत. एरवी प्रवासवेळ ज्या तासात फारसा हलत नाही तिथे अट आपोआप कडक होते आणि साडेसहाच्या गोंधळात सैल. एकच सरसकट टक्केवारी लावण्यापेक्षा हे न्याय्य.

एका सीडवर निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या सीडचे पाच रन करा; समजा विलंबाची सरासरी २४० सेकंद, विचलन ३० सेकंद आणि चालेल अशी चूक १० टक्के, म्हणजे २४ सेकंद. पाच रन म्हणजे चार स्वातंत्र्यांश; त्यांच्यासाठी ९५ टक्के खात्रीचा टी (संख्याशास्त्राच्या तक्त्यातला आकडा) २.७७६. (२.७७६ × ३० ÷ २४) चा वर्ग १२ च्या किंचित वर, म्हणजे १३ रन लागतील. हे प्रत्येक गटासाठी वेगळं काढा; क गटात बहुतेक जास्त लागतात.

पायरी १० : निकाल एकत्र करणं

समजा सिग्नलच्या नव्या वेळापत्रकाने दर वाहनामागे अ गटात ४० सेकंद वाचले, ब मध्ये १५, ड मध्ये ५ आणि क मध्ये उलट १० सेकंद वाढले. वजन देऊन बेरीज : १९.६ + २.८५ + ०.९ − १.४ = सुमारे २२ सेकंद. साध्या दिवसाचंच मॉडेल केलं असतं तर अहवालात ४० लिहिलं गेलं असतं. गटांच्या वाहनसंख्येत मोठा फरक असेल तर दिवसांच्या वाट्याला वाहनसंख्येनेही गुणा.

अहवालात २२ हा एकच आकडा देऊन थांबू नका, चारही ओळी द्या. क गटातले उणे १० हेच ठरवणाऱ्यांच्या कामाचं आहे : लग्नतिथी आणि सणखरेदीच्या ३४ दिवसांसाठी सिग्नलला वेगळं वेळापत्रक लावायचं, तर तारखा महिनोनमहिने आधी माहीत असतात.

पुढच्या वर्षी

नवे दिवस आले की लगेच सगळं नव्याने करायची गरज नाही. जुनी सरासरी आणि जुनं विचलन वापरूनच नव्या दिवसांचे झेड-स्कोअर काढा आणि त्यांना जवळच्या जुन्या गटात टाका. नव्या आकड्यांवरून माप पुन्हा बसवलं तर तुलना संपते. गटाच्या मध्यापासून नव्या दिवसांचं अंतर जुन्या दिवसांपेक्षा सातत्याने जास्त येऊ लागलं, किंवा पट्ट्यात नवा पूल, नवं वळण, नवा एकेरी मार्ग आला, की मग पायरी २ पासून पुन्हा.